आधी ताळेबंद

लातूरच्या गंजगोलाईत मधोमध उभं राहिलं की एका जुन्या आराखड्याची ताकद दिसते. दुमजली गोल इमारत, आत देवीचं मंदिर आणि चाकाच्या आऱ्यांसारखे बाहेर निघालेले सोळा रस्ते. निजामाच्या राज्यात, १९१७ साली ही गोलाई बांधली गेली. तिचा आराखडा फय्याजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने केला होता. कुठे सराफा, कुठे चपला-बुटांची दुकानं, कुठे मिरची, कुठे गूळ. मालाची गाडी कुठून येईल, कुठे वळेल, गिऱ्हाईक पायी कुठून कुठे जाईल, याचा विचार दुकानं थाटण्याच्या आधी झाला होता, म्हणून शंभर वर्षं उलटल्यावरही शहराचा बाजार तिथेच भरतो. आणि याच शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली ती दहा वाघिणींची, पाच लाख लिटरची; पुढे पन्नास वाघिणींची, २५ लाख लिटरची गाडी धावू लागली. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून कलम १४४ लावलं गेलं होतं. बाजार कसा भरेल हे ज्या गावाने शंभर वर्षांपूर्वी कागदावर मांडलं, त्या गावाचं पाणी कुठून येईल, किती पुरेल आणि कोण किती घेईल हे मात्र कुणी मांडून ठेवलेलं नव्हतं. मराठवाड्यात कामांची वाण कधीच नव्हती. धरणं झाली, बंधारे झाले, पाझर तलाव झाले, बोअर तर मोजण्यापलीकडे झाले. वाण आहे ती कामाआधीच्या हिशेबाची आणि तो हिशेब मांडणाऱ्या माणसांची. पर्यावरण नियोजनाचं पदव्युत्तर शिक्षण अशी माणसं घडवतं. लातूर-नांदेडच्या मुलामुलींनी या विषयाकडे दुय्यम पर्याय म्हणून पाहू नये, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना आहे.

दुष्काळ पडला म्हणून पाण्याची रेल्वे आली, असं उत्तर नेहमी दिलं जातं. ते खोटं नाही. २०१४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात सरासरीपेक्षा ४२ टक्के आणि २०१५ मध्ये ४० टक्के कमी पाऊस झाला. लातूरची तहान भागवणारं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं. पण एक साधी आकडेमोड करून पाहण्यासारखी आहे. उसाला वर्षभरात २,००० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाणी लागतं. त्यातला पावसाचा वाटा वजा केला तरी पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी साधारण १५ हजार घनमीटर पाणी वरून द्यावं लागतं. पन्नास वाघिणींची एक गाडी म्हणजे २,५०० घनमीटर. म्हणजे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर तोडून आलेली एक अख्खी गाडी सोळा-सतरा गुंठे उसाला वर्षभर पुरेल एवढं पाणी आणत होती. ऑगस्टपर्यंत गाडीच्या १११ फेऱ्या झाल्या आणि सुमारे २६ कोटी लिटर पाणी आलं. तेही सतरा-अठरा हेक्टर उसाएवढंच. एका गावच्या शिवारात मावेल एवढा तो फड. ठिबकवर हा आकडा खाली येतो, जमिनीप्रमाणे बदलतो, हे खरं. पण तो अर्ध्यावर आणला तरी प्रश्नाचं स्वरूप बदलत नाही. हे गणित शेतकऱ्याला दोष देण्यासाठी मांडलेलं नाही. उसाला ठरलेला दर आहे, कारखाना फड तोडून नेतो. सोयाबीनचा भाव कुठे जाईल ते विकायच्या दिवसापर्यंत कळत नाही. माणूस ज्यात खात्री आहे तेच पेरणार. म्हणूनच पाण्याचा प्रश्न फक्त पाण्याचा नसतो. भाव, कर्ज, जमिनीचा पोत, धरणाचं वेळापत्रक आणि शहराची वाढ या सगळ्यांचा एकमेकांवर पडणारा ताण एका नकाशावर आणून पाहायचा, आणि मग कुठे काय करावं हे सुचवायचं, याला पर्यावरण नियोजन म्हणतात.

या विद्याशाखेची मुळं आपल्याला वाटतात तेवढी दूरची नाहीत. स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले, कित्येक शहरं त्यांनी पायी पालथी घातली आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र शिकवलं. त्यांचा आग्रह एकच होता, आराखड्याच्या आधी पाहणी. गल्ली रुंद करायची म्हणून सरसकट घरं पाडू नयेत. आधी विहीर कुठे, झाड कुठे, बाया पाणी भरायला कुठून जातात ते पाहावं आणि जिथे गाठ आहे तेवढीच सोडवावी. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेत इयन मॅकहार्ग यांनी ‘डिझाइन विथ नेचर’ या पुस्तकात जमीन, पाणी, उतार, वनस्पती यांचे पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवून कुठे बांधावं आणि कुठे मुळीच बांधू नये हे ठरवण्याची रीत मांडली. आज संगणकावर जीआयएसमध्ये जे थर एकावर एक चढवले जातात ते त्याच रीतीचं रूप. आपला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा १९६६ चा. तोही विकास आराखडा करण्याआधी प्रत्यक्ष पाहणी आणि सध्याच्या जमीनवापराचा नकाशा मागतो. म्हणजे विचार होता, कायदाही होता. तो जमिनीवर उतरवणारे हात कमी पडले.

हे हात नेमकं काय करतात, ते एका गावाच्या मापाने पाहू. हजार हेक्टर शिवार आणि तीन हजार वस्तीचं, लातूर किंवा नांदेड जिल्ह्यातलं कुठलंही गाव धरा. ७०० मिलिमीटर पाऊस झाला तर त्या शिवारावर वर्षाला ७० लाख घनमीटर पाणी पडतं. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण त्यातलं बरंचसं ऊन आणि पिकं परत वर पाठवतात, काही ओढ्याने निघून जातं. आपल्या पायाखाली बहुतेक ठिकाणी काळ्या बेसॉल्टचे थर आहेत. वर काळी, मग मुरूम, खाली फुटलेला आणि सच्छिद्र पाषाण, त्याखाली घट्ट कातळ. अशा खडकात पावसाचा साधारण दहावा हिस्साच मुरतो. म्हणजे विहिरी-बोअरच्या वाट्याला सात लाख घनमीटर. आता खर्चाची बाजू. माणशी दिवसाला ५५ लिटर धरले तर सगळ्या गावाच्या पिण्या-वापरण्याला वर्षाला ६० हजार घनमीटर पुरतात. चार हेक्टर उसाएवढे. जनावरं धरा, रब्बीचा हरभरा-ज्वारी धरा, भाजीपाला धरा, तरीही मेळ बसतो. उसाचं क्षेत्र पन्नास हेक्टरच्या जवळ गेलं की मात्र जमिनीत मुरलेलं सगळं पाणी एकट्या उसानेच संपतं, आणि मग चांगल्या पावसाच्या वर्षीही मार्चनंतर टँकर लागतो. जमा आणि खर्च समोरासमोर मांडण्याच्या या पद्धतीला पाण्याचा ताळेबंद म्हणतात. लातूर-नांदेडसह पंधरा जिल्ह्यांत २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, ज्याला सगळे ‘पोकरा’ म्हणतात, गावनिहाय ताळेबंद काढण्यात आले आणि त्याची गणिती रीत आयआयटी मुंबईने घालून दिली. वर दिलेलं गणित ढोबळ आहे. त्यात उतार, मातीची खोली, नाल्याचं वळण, शेजारच्या गावाने अडवलेलं पाणी, मागच्या तीस वर्षांचा पाऊस आणि पुढच्या तीस वर्षांत होऊ शकणारा त्याचा बदल घालत जाणं, हेच दोन वर्षांच्या शिक्षणात शिकायचं असतं.

यावर पहिला आक्षेप इंजिनिअरांकडून येतो, आणि तो गंभीरपणे घ्यावा असा आहे. धरण बांधायला, नाला खोल करायला स्थापत्य अभियंता आहे, भूजलासाठी भूशास्त्रज्ञ आहे, पिकासाठी कृषी पदवीधर आहे. मग आणखी एक वेगळा माणूस कशाला? उत्तर जलयुक्त शिवार योजनेत सापडतं. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या त्या योजनेवर साडेनऊ हजार कोटींहून अधिक रुपये खर्च झाले, लाखो कामं झाली, आणि ज्या गावांत लोक झटून पुढे आले तिथे चांगलं कामही झालं. तरी भारताच्या महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने २०२० मध्ये दिलेल्या अहवालात असं नोंदवलं की गावं पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण होण्यावर आणि भूजलाची पातळी उंचावण्यावर योजनेचा परिणाम फारसा दिसत नाही. नाला किती मीटर खोल करायचा हे अभियंत्याला येत होतं. कुठल्या नाल्याला हात लावायचाच नाही, कुठे खोदल्याने मुरूम संपून कातळ उघडा पडेल, वर अडवल्याने खालच्या गावाचा पाझर तलाव कोरडा राहील का, आणि वाढलेलं पाणी कुठल्या पिकाकडे जाईल, हे प्रश्न कुठल्याच एका खात्याचे नव्हते. प्रत्येक खात्याने आपापलं काम मोजलं. सगळ्यांची बेरीज कुणाच्याच टेबलावर झाली नाही. नियोजनकार अभियंत्याची जागा घेत नाही. अभियंत्याने कुठे आणि कधी कामाला लागावं हे ठरवण्यासाठी लागणारी बेरीज करून देतो.

दुसरा आक्षेप अधिक वेदनेचा आहे, कारण तो किल्लारीतून येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली हजारो माणसं झोपेत गिळली. मातीत रचलेल्या गोल दगडांच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाड भिंती होत्या. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना धरून ठेवणारे आरपार दगड त्यांत नव्हते, म्हणून दोन्ही थर फाकले आणि वरचं मातीचं जड माळवद खाली आलं. मग जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला आणि ५२ गावं नव्या जागी हलवली गेली. सरळ रेषांत रस्ते, चौकोनी प्लॉट, स्लॅबची घरं. हेही नियोजनच होतं ना, असं विचारलं जातं. होतं, आणि त्यातल्या चुका लपवण्यात अर्थ नाही. नवी गावं जुन्या गावठाणाच्या कित्येक पटींनी पसरली, शेती घरांखाली गेली, शेत आणि घर यांतलं अंतर वाढलं, जुन्या वाड्याच्या ओसरीत आणि चौकात जे घडायचं त्याला जागाच उरली नाही, आणि माळवदाखाली जो गारवा होता तो स्लॅबखाली मे महिन्यात मिळेना. पण त्याच कार्यक्रमाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हा दाखला पुरा होत नाही. तेरा जिल्ह्यांतली दोन लाखांच्या आसपास घरं जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती, आणि तिथे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. भिंतीत आरपार दगड कसा बसवायचा, पट्टा कुठे घालायचा हे त्या बायकांनी शिकून घेतलं आणि कामावर लक्ष ठेवलं. एकाच आपत्तीनंतर, एकाच पैशातून दोन प्रकारचं नियोजन झालं: एक वरून आखलेलं, दुसरं घरातल्या माणसाला विचारून केलेलं. किल्लारीने नियोजन नको असं शिकवलं नाही. कुणाला न विचारता केलेलं नियोजन किती महाग पडतं हे शिकवलं. पर्यावरण नियोजनाच्या अभ्यासक्रमात समाजशास्त्र, कायदा आणि लोकसहभागाच्या पद्धती सक्तीच्या असायला हव्यात, असं मला ठामपणे वाटतं ते यासाठी. मला वाटतं, ही ५२ गावं आणि ती दुरुस्त झालेली घरं म्हणजे जगातल्या कुठल्याही नियोजन विद्यार्थ्याला हेवा वाटावा अशी प्रयोगशाळा आहे, आणि ती लातूरपासून बसने दीड-दोन तासांवर आहे.

नांदेडचा प्रश्न लातूरसारखा दिसत नाही, कारण तिथे गोदावरी आहे. पण नदी काठाला असणं आणि पाणी हाताशी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे धर्माबाद तालुक्यातला बाभळी बंधारा सांगतो. महाराष्ट्र आणि त्या वेळचा आंध्र प्रदेश यांच्यातल्या वादावर सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल दिला. त्यानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवायचे आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. म्हणजे नदी भरून वाहते तेव्हा अडवायचं नाही, आणि २९ ऑक्टोबरला दरवाजे टाकायचे तेव्हा परतीचा पाऊस बहुतेक निघून गेलेला असतो. या तारखांच्या चौकटीत राहून धर्माबाद-उमरीच्या शेतकऱ्याने रब्बीत काय करावं, याचं उत्तर एका विषयाच्या तज्ज्ञाकडे नाही. निकाल वाचता आला पाहिजे, प्रवाहाच्या नोंदी वाचता आल्या पाहिजेत आणि पीकही कळलं पाहिजे. त्याच जिल्ह्यात ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातली रावणगाव, हसनाळ ही गावं अतिवृष्टीने पाण्याखाली गेली, माणसं दगावली, लष्कर बोलवावं लागलं. टँकर आणि होडी एकाच तालुक्याला लागतात तेव्हा दुष्काळाचा वेगळा विभाग आणि पुराचा वेगळा विभाग ही मांडणीच पुरी पडत नाही.

नांदेडने चांगलं नियोजनही पाहिलं आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात या शहराची निवड झाली, ऑक्टोबर २००८ मध्ये शिखांच्या गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा ठरलेला होता, आणि एक तारीख समोर असल्याने निधी, खाती आणि आराखडा एका दिशेला वळले. पदपथ, सायकलमार्ग, झाडं, वाहनतळ यांचा एकत्र विचार करून रस्ते घडवले गेले आणि त्या रस्त्यांचा दाखला देशभरातले नगररचनाकार देत राहिले. सोहळ्याला तारीख असते, नदीला नसते. गोदावरीत मिसळणाऱ्या सांडपाण्याचा प्रश्न अजून उभा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली तेव्हा सर्वाधिक ५३ पट्टे महाराष्ट्रातले होते आणि गोदावरी त्यांत होती. लातूरचं नाव तर राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरांतही आहे, ही गोष्ट लातूरकरांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

आता शिक्षण कुठे मिळतं ते. या नावाची पदवी, म्हणजे मास्टर ऑफ प्लॅनिंगमध्ये पर्यावरण नियोजन हे विशेषीकरण, दिल्ली, भोपाळ आणि विजयवाडा इथल्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये आहे. दोन वर्षं, चार सत्रं. सत्रागणिक एक मोठं प्रत्यक्ष काम, ज्याला तिथे स्टुडिओ म्हणतात, आणि शेवटी प्रबंध. स्टुडिओत खरं शहर किंवा खरं खोरं हाती दिलं जातं आणि गटाने फिरून, मोजून, लोकांशी बोलून त्याचा आराखडा करायचा असतो. स्थापत्य अभियांत्रिकी, आर्किटेक्चर, नियोजन यांची पदवी असलेल्यांना तर वाट आहेच. भूगोल, पर्यावरणशास्त्र यांत एमए-एमएस्सी केलेल्यांनाही काही ठिकाणी प्रवेश मिळतो. गेट परीक्षेत आर्किटेक्चर व नियोजनाचा पेपर जुना आहे, पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर २०२१ पासून आला. महाराष्ट्रात नागपूरच्या व्हीएनआयटीत नगरनियोजन आहे. आयआयटी मुंबईत पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकी आहे आणि ग्रामीण प्रश्नांवर काम करणारं ‘सितारा’ हे केंद्र आहे. तुळजापूरला, लातूरच्या शेजारच्या जिल्ह्यात, टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर आहे. आणि नांदेडला विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या भूशास्त्र संकुलात भूशास्त्र, भूगोल आणि पर्यावरणशास्त्र एका छताखाली आहेत, जवळच श्री गुरु गोविंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे, लातूरला विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. पर्यावरण नियोजनाला लागणारे जवळपास सगळे विषय विष्णुपुरीच्या दोन-चार किलोमीटरच्या परिघात शिकवले जातात. ते एका अभ्यासक्रमात बांधणं एवढंच राहिलं आहे. ते झालं तर बाभळी, किल्लारी, मांजरा हे स्टुडिओचे विषय होतील.

पालकांचा प्रश्न मात्र सरळ असतो, पोटापाण्याचं काय? तो टाळून चालणार नाही. परीक्षेच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’ने वर्षानुवर्षं डॉक्टर आणि इंजिनिअर दिले आहेत. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या नावावर शेजारच्या जिल्ह्यांतली मुलं खोली करून राहतात. त्या वाटेवर नोकरीचा नकाशा घरोघरी पाठ आहे, या वाटेचा नाही. तर तो असा. नीती आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये दिलेल्या अहवालानुसार देशातल्या राज्यांच्या नगररचना विभागांना १२ हजारांहून अधिक नगररचनाकार हवे होते. तेव्हा मंजूर पदं चार हजारांहून कमी आणि त्यांतली जवळपास निम्मी रिकामी होती. गरज आहे म्हणून लगेच नोकरी आहे, असं मी म्हणणार नाही. मंजूर पदं वाढवण्यासाठी आणि त्या पदांना नियोजनाचीच पदवी लागावी यासाठी पाठपुरावा करावा लागेल, आणि तोही या क्षेत्रातल्या तरुणांनीच. पण दारं तेवढीच नाहीत. महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत नगररचना विभागात जाता येतं. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार दिवसाला ५,००० टन किंवा अधिक गाळपाच्या साखर कारखान्यालाही पर्यावरण मंजुरी लागते, आसवनीलाही लागते. त्यासाठीचे अहवाल करणाऱ्या संस्थांना नॅबेट या राष्ट्रीय मंडळाची मान्यता आणि त्यासाठी विषयवार तज्ज्ञ लागतात. उसाच्या आणि इथेनॉलच्या या पट्ट्यात ते काम दारात आहे. जागतिक बँकेसारख्यांच्या पैशावर चालणाऱ्या प्रकल्पांना पर्यावरण आणि सामाजिक बाबींचे तज्ज्ञ नेमावे लागतात. पुण्याच्या वॉटर, ॲक्वाडॅम अशा संस्था पाणलोट आणि भूजलावर काम करणारी माणसं घेतात. सुरुवातीचा पगार मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीएवढा नसतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कामाचा बराच भाग उन्हात, बांधावर आणि तहसील कचेरीत जातो.

शेवटचा आणि सगळ्यांत अवघड आक्षेप असा की नियोजनकाराचं ऐकतो कोण. धरणाचं पाणी कुठे सोडायचं हे राजकारण ठरवतं. बहुतेक वेळा ठरवतं, हे मान्य. पण राजकारणालाही कागद लागतो, आणि जो कागद समोर असेल त्यावरच चर्चा होते. मोठ्या प्रकल्पाची लोकसुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळाला घ्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. त्या दिवशी मंडपात बसलेल्या शेतकऱ्यांपैकी कुणाच्या बाजूने तो जाड अहवाल वाचून ‘यात उन्हाळ्यातल्या पाण्याचं माप घेतलेलंच नाही’ असं सांगणारा कुणी आहे की नाही, यावर पुष्कळ काही ठरतं. बाभळीचा निकालही घोषणांवर झाला नाही. दोन राज्यांच्या पाण्याच्या नोंदी एकमेकांसमोर ठेवून झाला. ज्याच्याकडे मोजणी नाही त्याचं म्हणणं खरं असलं तरी तक्रार म्हणूनच नोंदलं जातं.

महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा आहे, अमलात आला २०१४ मध्ये. त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे, पाणलोट क्षेत्रनिहाय भूजल वापराचा आराखडा आहे, त्याला जोडून पीक आराखडा आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, आणि पावसाळा संपल्यावरची ऑक्टोबरच्या सुमाराची मोजणी रब्बीच्या तोंडावर येते. तो आकडा जिल्ह्याच्या कचेरीतून तालुक्याला येतो, तक्त्यात बसतो. तोवर शिवारात पाळी घालून झालेली असते आणि उसाच्या बेण्याचा सौदाही. तोच आकडा वेळेत ग्रामसभेच्या फळ्यावर आला, गट नंबरांच्या नकाशावर कुठल्या विहिरीला कुठपर्यंत पाणी आहे ते रंगाने दिसलं, आणि त्याखाली या वर्षी किती एकर हरभरा, किती ज्वारी आणि किती ऊस पेलेल हे मराठीत लिहिलं, तर सभेत भांडण होईल. ते भांडण मार्चमध्ये टाकीवर होण्याऐवजी ऑक्टोबरमध्ये चावडीवर होईल, आणि तेव्हा पेरणी अजून हातात असेल.